चादर, पाण्याचा दिवस आणि साडेपाचची बॅच

आमच्या पहाटेच्या व्यायामाच्या बॅचमध्ये योगा मॅट कमी आणि चादरी जास्त. सोलापूरच हे, इथं लग्नात आहेर चादर, सत्काराला चादर, वास्तुशांतीला चादर, त्यामुळे प्रत्येकाच्या कपाटात वरच्या कप्प्यात चार-पाच तरी घडी न मोडलेल्या पडलेल्या असतातच. चौपट घडी घालून होम मैदानावर अंथरली की खडे टोचत नाहीत, घसरत नाही, घाम पिऊन घेते आणि घरी आल्यावर धुवून दोरीवर टाकली की संध्याकाळपर्यंत कडक वाळते. माझी मरून रंगाची आहे. प्लँक करताना, म्हणजे कोपरांवर आणि पायाच्या बोटांवर अंग ताठ धरून थांबताना, तोंड खाली असतं तेव्हा तिच्यावरची जॅकार्डची फुलं नाकासमोर चार बोटांवर येतात, दीड वर्षात ती सगळी पाठ झालीत. एका फुलाच्या देठाशी एक पांढरा धागा निसटलाय, त्याच्यावर नजर ठेवून मी सेकंद मोजते. चाळीसच्या पुढं हात थरथरायला लागतात. शेजारच्या चादरीवर हे असतात, त्यांच्याकडे बघायची गरज पडत नाही, श्वासावरून कळतं किती राहिलंय ते.

दोघं मिळून व्यायामाचं कसं काय जमवलं, असं बरेच जण विचारतात. नातेवाईक तर प्रत्येक कार्यक्रमात विचारतात. मी आपलं "जमतं हो, ठरवलं की जमतं" म्हणून मोकळी होते, पण ते खरं नाही. नुसतं ठरवून जमलेलं नाही. मधे एक अख्खा काळ असा होता की आम्ही रोज जोडीनं जात होतो आणि तरी ते जोडीनं नव्हतंच. ते लिहायचं म्हणून बसले आज.

सुरुवात ह्यांच्या रिपोर्टपासून झाली. हे अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्स बघतात, वय ४७, दिवसभर खुर्ची. उपाशीपोटी शुगर ११८ आली आणि एचबीएवनसी ६.२. डॉक्टरांनी नीट समजावलं, की एचबीएवनसी म्हणजे मागच्या साधारण तीन महिन्यांचा हिशोब, आदल्या दिवशी गोड खाल्लं नाही म्हणून तो बदलत नाही, ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठा आणि ६.५ पासून पुढं डायबेटीस. मग त्यांनी टेप काढली आणि कंबर मोजली, १०४ सेंटीमीटर. आपल्याकडच्या पुरुषांना ९० च्या आत पाहिजे आणि बायकांना ८० च्या आत. मी तिथं सोबत म्हणून गेले होते, हातात फाईल धरून. डॉक्टर म्हणाले वहिनी तुम्ही पण उभ्या राहा. माझी ९४ भरली.

खरं सांगते, मला त्या क्षणी रडू आलं होतं. आकड्यामुळं नाही, तर मला कितीतरी वर्षांत कुणी उभं करून मोजलंच नव्हतं म्हणून. गुडघे दुखायचे, जिना चढताना थांबायला लागायचं, ते सगळं मी वयावर ढकललं होतं, आणि वय तरी काय, ४४.

डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं ते मला आजपण उपयोगी पडतं. म्हणाले नुसतं चालू नका, ताकदीचा व्यायाम करा, कारण मांडीचे आणि ढुंगणाचे स्नायू शरीरातले सगळ्यात मोठे आणि ते कामाला लागले की रक्तातली साखर स्वतःहून ओढून घेतात, इन्सुलिनची तेवढी वाट बघत नाहीत. आणि तिशीनंतर काहीच केलं नाही तर दर दहा वर्षांनी ३ ते ८ टक्के स्नायू आपोआप कमी होत जातात. म्हणजे वजन तेवढंच राहिलं तरी आतलं माणूस बदलत असतं.

त्याआधी एकदा जिमचं वर्षाचं पॅकेज घेऊन झालं होतं, १९ दिवस गेलो होतो. तिथं कुणी वाईट वागलं असं नाही, पण तिथं नाही गेलो तर कुणाला काही फरक पडायचा नाही. बॅचचं तसं नाही. इथं पाच पस्तीस झाले आणि तुमची चादर दिसली नाही की फोन येतो. आमचे सर पंचविशीतले आहेत, खो-खो खेळलेले, आणि त्यांचा एक नियम आहे की शेवटचा माणूस राउंड मारून आल्याशिवाय कूलडाऊन सुरू करायचा नाही, आणि पुढं गेलेल्यांनी उलटं फिरून त्याच्याबरोबर परत पळायचं. पहिले दोन महिने ती शेवटची मी होते. साठीच्या एक काकू, यंत्रमाग कारखानदाराच्या घरातल्या, साडी खोचून पळतात त्या, रोज माघारी यायच्या माझ्यासाठी. बोलायच्या काही नाहीत. नुसत्या शेजारून पळायच्या. ते मी कधी विसरणार नाही.

पहिल्या दिवशी सरांनी आम्हाला प्लॅस्टिकच्या खुर्चीसमोर उभं केलं आणि सांगितलं बसा आणि उठा, हात न टेकता, १० वेळा. ह्यांना सातव्याला दम लागला. मला चौथ्यालाच गुडघ्यात कळ आली तर सर म्हणाले, "काय करालाव काकू, गुडघा पुढं ढकलू नका की, मागं बसा, टाचेवर वजन द्या." टाचेवर वजन दिलं आणि कळ थांबली. इतकी वर्षं गुडघा दुखत होता आणि मला बसायचं कसं हेच माहीत नव्हतं.

आता खाण्याचं. हे जरा सविस्तर लिहिते कारण आमच्या घरातली खरी लढाई इथंच होती.

आमच्या घरी पुरुषाच्या ताटात चार भाकरी असतात. सासऱ्यांच्या ताटात असायच्या म्हणून ह्यांच्या ताटात. सासरे लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते, भोंगा झाला की चालत जायचे, आठ तास साच्यावर, म्हणजे मागावर, उभं राहायचे आणि चालत यायचे. त्यांचा लग्नातला फोटो आहे आणि साठीचा फोटो आहे, पोट दोन्हीत नाही. मिल गेली, भोंगा गेला, ह्यांना खुर्ची आली, चार भाकरी मात्र तशाच राहिल्या, आणि वर संध्याकाळी पार्क चौपाटीवरची भजी आली. ज्या दिवशी हे माझ्या डोक्यात लख्ख आलं त्या दिवशी मला आमच्या जेवणाबद्दल वाटणारा अपराधीपणा गेला. आपलं जेवण वाईट नाहीये. ते उभ्यानं राबणाऱ्या माणसाचं जेवण आहे आणि आपण बसलोय, एवढाच घोळ आहे.

म्हणून मी ओट्स, किनोआच्या मागं लागले नाही. माझं माहेर मंगळवेढ्याकडचं, ज्वारीचं कोठारच ते, आमच्याकडे मालदांडीचं पोतं दर वर्षी येतं आणि घरात असली ज्वारी असताना बाहेरून पाकीट आणायचं माझ्या मनाला पटतच नाही. केलं एवढंच की चारच्या दोन केल्या आणि जी जागा रिकामी झाली तिथं हुलग्याची किंवा मटकीची उसळ, दही, काकडी-कांदा, आणि आठवड्यातनं चार दिवस प्रत्येकी दोन अंडी. प्रोटीनचा हिशोब मी पहिल्यांदा वहीत मांडला तेव्हा हादरले होते, माझं वजन ७१ किलो, किलोमागे पाऊण-एक ग्रॅम धरलं तरी ५५ ते ७० ग्रॅम पाहिजे आणि माझ्या पोटात जेमतेम ३० जात होतं, कारण सगळ्यांचं झाल्यावर उरलेली आमटी-भाकरी हेच माझं जेवण होतं. उसळ उरायचीच नाही ना.

शेंगाचटणीवर मात्र दोन दिवस वाद झाला. सोलापूरच्या माणसाला शेंगाचटणी सोड म्हणणं म्हणजे... आणि सोडायची गरजपण नाही. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात २५ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं, पण साडेपाचशेच्या वर कॅलरी पण असतात, आणि आपली चटणी कुटून कुटून तेल सुटलेली, ती भाकरीबरोबर वाटीभर कधी संपते कळत नाही. म्हणून बरणीत एक लहान चमचा टाकला, दोन चमचे प्रत्येकी, बरणी ताटाशेजारी ठेवायची नाही, वाढून घ्यायची आणि परत फळीवर. ह्यांना पहिला आठवडा ते फार लागलं. सासूबाईंना तर ह्यांच्यापेक्षा जास्त लागलं. "पोराच्या तोंडचं काढालीस" म्हणाल्या. मी काही बोलले नाही, कारण त्यांच्या हातानं चार भाकरी वाढणं म्हणजे काय होतं ते मला माहीत होतं, मी पण वीस वर्षं तेच केलं होतं. आग्रह करून वाढणं सोडून माया दाखवायची दुसरी कुठली रीत आमच्या घरात नव्हतीच.

तर असे तीन महिने गेले. आणि वजन केलं. ह्यांचं ६ किलो उतरलं होतं, माझं १ किलो २०० ग्रॅम.

बॅचमध्ये ह्यांच्यासाठी टाळ्या वाजल्या, मी पण वाजवल्या, मला खरंच आनंद झाला होता. घरी येताना गाडीवर हे म्हणाले, अगदी प्रेमानं म्हणाले, की "तू पण जरा मनावर घे ना."

मी दिवसभर काही बोलले नाही. रात्री सगळं आवरल्यावर कॅलेंडरचं मागच्या महिन्याचं पान फाडलं आणि पाठकोऱ्या बाजूला माझा दिवस लिहून काढला. भांडायचं म्हणून नाही, मलाच बघायचं होतं. ४:२० उठणे. लेकाचा डबा, ह्यांचा डबा, सासूबाईंचा चहा आणि गोळी काढून ठेवणे. ५:२० बॅचला निघणे. ६:४५ घरी, लेकाला उठवणे, नाश्ता. ८:१५ शाळा (मी एका बालवाडीत शिकवते). दुपारी २ ला घरी, जेवण, धुणं, दळण, बाजार. संध्याकाळी स्वयंपाक, आणि जेवण साडेनऊला कारण हे आठ-साडेआठला येऊन अंघोळ, बातम्या. भांडी, ओटा, दही लावणे. ११:३० झोप. त्याच्या खाली मी ह्यांचा दिवस लिहिला. ५:०० उठणे. ५:२० बॅच. आणि पुढचं.

झोपेची बेरीज केली. माझी पावणेपाच-पाच तास, ह्यांची साडेसहा, कारण हे साडेदहालाच आडवे होतात. एवढ्या कमी झोपेत भूकपण वाढते आणि स्नायू भरून यायला वेळच मिळत नाही, हे सरांनी किती वेळा सांगितलं होतं, झोप हा पण वर्कआऊट आहे म्हणून. आणि त्याच्यात पाण्याचा दिवस. बाहेरच्या लोकांना हे कळणार नाही म्हणून सांगते, आमच्याकडे नळाला रोज पाणी नसतं, चार-पाच दिवसांनी येतं आणि वेळ कधी पहाटेची तर कधी रात्रीची. पाणी आलं की मोटर लावा, टाकी भरा, पिप भरा, हंडे-कळश्या भरा, कुणीतरी एकानं घरी थांबायलाच लागतं. त्या तीन महिन्यांत पाण्याच्या दिवशी प्रत्येक वेळी मी थांबले होते. ठरवून नाही. असं कुणी म्हणलंच नव्हतं की तू थांब. हे बूट घालून निघायचे आणि मी पाईप धरायचे, इतकं ते आपोआप होतं.

ते पान मी फ्रिजवर लावून झोपले.

पहाटे ४:२० ला मी उठले तेव्हा स्वयंपाकघरातला लाईट चालू होता. हे फ्रिजसमोर उभे होते, बनियनवर, चष्मा लावून, आणि ते पान वाचत होते. किती वेळ उभे होते माहीत नाही. मला बघून काही बोलले नाहीत, सॉरी वगैरे आमच्यात म्हणत नाहीत. बटाट्याची टोपली खाली घेतली आणि विचारलं, "डब्याला किती घेऊ?"

मला वाटतं आम्ही जोडीनं व्यायाम सुरू केला तो त्या दिवशी. मैदानावर शेजारी शेजारी उभं राहणं सोपं असतं हो, एकसारखे बूट घेणं पण सोपं असतं. नवरा-बायको मिळून फिट होतायत असं जिथंतिथं दिसतं, ते फोटो छान असतात आणि मला आवडतात पण, फक्त प्रत्येक वेळी मनात येतं की हिचा डबा कुणी केला असेल आज. ज्या घरात बाईला व्यायाम करायला एक तास मिळतो पण तो तिच्या झोपेतला असतो, तिथं तो व्यायाम तिच्या अंगाला लागत नाही. हे मी माझ्या अंगावरून सांगते.

मग हळूहळू बदललं. जेवण आठला आलं. त्यासाठी ह्यांनी कारखान्यातून अर्धा तास लवकर निघायचं मागून घेतलं, बातम्या जेवणानंतर, आणि त्यापण निम्म्याच, कारण जेवल्यावर आम्ही दोघं पंधरा मिनिटं कॉलनीत चालून येतो, जेवणानंतरच्या चालण्यानं शुगर एकदम वर उसळत नाही. डबा एक दिवस मी, एक दिवस हे. भाज्या रात्रीच चिरून. लेक आता दहावीत आहे, स्वतःचा चहा-नाश्ता स्वतः बघतो आणि आजीला गोळी देतो. दहाला लाईट बंद.

भाकरी मात्र बरेच दिवस माझ्याकडेच होती. एका रविवारी हे म्हणाले मला शिकायचीय. मी सांगायला लागले तेवढ्यात सासूबाई आतून काठी टेकत आल्या, स्टुलावर बसल्या आणि मला म्हणाल्या तू सरक. मला वाटलं आता बोलणार, पुरुषानं काटवटीला हात लावायचा का म्हणून. त्या म्हणाल्या, "आधी पाणी उकळू दे. नुसतं गरम नको, उकळू दे."

उकळतं पाणी पिठाच्या मधोमध ओतलं, उलथन्यानं हलवलं, आणि हाताला सोसेल तसं मळायला घेतलं. गव्हात ग्लूटेन असतं म्हणून कणीक ताणते, ज्वारीत ते नसतंच, तिला धरून ठेवणारं उकळतं पाणी आणि तळहात एवढंच, म्हणून मळताना हयगय केली की थापताना कडेनं चिरा पडणारच. ह्यांच्या पडल्या. पहिली मोडली, दुसरी तव्यावर टाकताना हातात निम्मी राहिली. ह्यांचे हात मोठे, आणि इतके दिवस डंबेल धरून तळव्याला घट्टे आलेले. सासूबाई म्हणाल्या, "बोटांनी नको, तळव्याच्या कडेनं मळ, रेटून, खांद्यातून जोर येऊ दे." हे माझ्याकडे बघून म्हणाले, हे तर पुशअपसारखंच आहे. खांदे खाली, पोट आत, कोपर ताठ. सहावी भाकरी गोल झाली. पाणी फिरवलं, उलटली, आरावर धरली आणि ती फुगली, अशी टम्म. सासूबाईंनी हात पुढं केला, ती भाकरी स्वतःच्या ताटात घेतली, वर शेंगाचटणी घेतली आणि सगळी खाल्ली. त्या एरवी एक पण संपवत नाहीत.

जानेवारीत गड्डा, म्हणजे सिद्धेश्वरांची यात्रा असते तेव्हा होम मैदान आमचं राहत नाही. पाळणे येतात, दुकानं येतात, आणि आमची बॅच महिनाभर एकाच्या मोठ्या गच्चीवर भरते. तिथं राउंड नाहीत, मग जिने. यंदा यात्रेतल्या अक्षता सोहळ्याला, सिद्धेश्वरांच्या लग्नाला, आम्ही दोघं चालत गेलो, घरापासून चालत आणि चालतच परत. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं सातही नंदीध्वज, त्या उंच जड सजवलेल्या काठ्या, घेऊन निघाली होती, "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" म्हणून सगळा रस्ता घुमत होता. त्यातली कितीतरी माणसं यात्रेच्या आधी दीड-दोन महिने रात्री सराव करतात, दिवसभराचं काम आटपून. मी आधी पण दरवर्षी बघायचे, हात जोडायचे. यंदा माझी नजर त्यांच्या पायांवर होती, पाऊल कसं टाकतात, गुडघा कसा वाकवतात, टाच कशी टेकवतात. शरीराला शिकवलं की ते शिकतं, पन्नाशीत पण शिकतं, हे मला आता माझ्या गुडघ्यांमुळं माहीत झालंय.

वेळ अमावस्येला माहेरी गेलो तर ताटात अंबील, बाजरीचे उंडे म्हणजे पिठाचे गोळे, आणि भज्जी म्हणजे तूर-वाटाणा-हरभरा-वाल घातलेली मिश्र भाजी. हे वाटी पुढं करून आईला म्हणाले, उंडा एकच द्या, भज्जी दोनदा वाढा. आईला काय आनंद झाला, तिची भज्जी कुणी दुसऱ्यांदा मागितली की ती तशीच खुलते.

आकडे विचारतात लोक म्हणून लिहिते. ह्यांचा एचबीएवनसी नवव्या महिन्यात ५.८ आला आणि परवाचा ५.६. कंबर १०४ ची ९३, अजून तीन सेंटीमीटर राहिलंय. माझं वजन ७१ चं ६५, कंबर ९४ ची ८५. माझं हळूच उतरलं, पण जेवण आणि झोप बदलल्यावरच उतरायला लागलं, वहीत तारखेवार आहे. प्लँक १२ सेकंदांपासून सुरू केला होता, आता दीड मिनिट. आणि राउंडला मी शेवटची नसते. मागच्या महिन्यात एक नवीन ताई आल्यात, बाळंतपणानंतरच्या, त्या मागं राहतात. मी उलटी फिरते. काही बोलत नाही, शेजारून पळते.

फ्रिजवरचं ते पान अजून आहे. कोपरे पिवळे झालेत, ह्यांनी त्याच्याखाली दुसरं एक चिकटवलंय, त्याच्यावर पाण्याच्या तारखा आणि पुढं कुणाची पाळी ते. उद्या पाणी येणार आहे. उद्याच्या पुढं ह्यांच्या अक्षरात लिहिलंय, "मी. तू जा." माझी चादर दोरीवरून काढून दाराशी ठेवलीय.